मोकळा न ठेवलेला खाना

चूक माझी होती, अंबादासची नव्हती. हे वाक्य मी दीक्षित साहेबांच्या केबिनमध्ये, अंबादास माझ्या शेजारी उभा असताना म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही.

दीक्षित साहेब आमच्या सोलापूरच्या गिरणीतल्या कॉम्प्युटर विभागाचे मॅनेजर. मी त्यांच्या हाताखालचा प्रोग्रॅमर. अंबादास ऑपरेटर, म्हणजे मशीन चालवणारा. पूर्व भागातल्या विणकर घरातला, घरी तेलुगू बोलणारा, कॉमर्स झालेला मुलगा. खुर्चीवर बसून करायची नोकरी मिळालेला घरातला पहिलाच. तो अजून प्रोबेशनवर होता. दिवाळीनंतर कायम होणार होता.

आमचं मशीन एका कंपनीचं आणि डिस्क दुसऱ्या कंपनीची, तीही वापरलेली. "यांचं जमवता येईल," असं मीच साहेबांना सांगितलं होतं. म्हणून ड्रायव्हरही मीच लिहिला. ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि डिस्क यांच्यामधला दुभाषी प्रोग्रॅम. डिस्कजवळ कंट्रोलर नावाची एक पेटी असते. प्रत्यक्ष लिहिण्या-वाचण्याचं काम ती करते. ड्रायव्हरनं तिला सुरुवातीला दोन गोष्टी सांगायच्या: हुकमांची रांग मेमरीत कुठं आहे आणि तिच्यात खाने किती आहेत.

हे खाने म्हणजे भिंतीवर गोलाकार ठोकलेल्या आठ खुंट्या आहेत असं समजा. ड्रायव्हर एकेका खुंटीवर हुकमाची चिठ्ठी अडकवत पुढं जातो. कंट्रोलर मागून येऊन चिठ्ठी काढतो, काम करतो, पुढं सरकतो. आठवी झाली की पुन्हा पहिली. दोघंही खुंट्यांकडं बघत नाहीत. समोरचा कुठं उभा आहे एवढंच बघतात. दोघं एकाच खुंटीपाशी आले, की रांग रिकामी आहे असं धरायचं.

पण आठही खुंट्या भरल्या, तरी ड्रायव्हर फिरून कंट्रोलरच्याच खुंटीपाशी येतो आणि भरलेली रांग रिकामी वाटते. म्हणून एक खाना कायम मोकळा ठेवायचा असतो. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं होतं, कारण दिलेलं नव्हतं. मेमरी तेव्हा इतकी थोडी, की मला ती उधळपट्टी वाटली. मी आठही खाने वापरले.

चाचणी घेतली ती सुट्टीच्या वारी, गिरणी बंद असताना. एका वेळी एकच प्रोग्रॅम. रांग कधी भरलीच नाही. साहेबांनी पेढे मागवले.

गिरणीचा खरा गोंधळ पाळी बदलताना असतो. भोंगा झाला की सुटणाऱ्या पाळीच्या हजेरीची कार्डं येतात आणि त्याच वेळी सूतखातंही आपला हिशोब मागतं. डिस्क कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी अंबादासनं मला विचारलं,

"साहेब, दोन्ही एकदम लावू का? का एक झाल्यावर एक?"

"लाव की एकदम. रांग कशासाठी केलीय मग?"

"न्हाय, मशीन नवीन हाय, म्हणून इचारलं."

"मशीनची काळजी मला आहे. तू कार्डं सांभाळ."

तो हसला आणि त्यानं दोन्ही लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाइमकीपरच्या खिडकीवर विणाई खात्यातली माणसं जमली. "काल काय आमचं भूत राबलं का हितं?" असं एकजण ओरडत होता. निम्म्या खात्याची हजेरी डिस्कवर नव्हती. एरर एकही नव्हता. कार्डं शाबूत होती, ती पुन्हा घातली, हजेरी भरून निघाली. जबाबदार कोण, हे मात्र ठरायचं होतं.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"दोन प्रोग्रॅम एकदम लावायला तुला कुणी सांगितलं?"

अंबादासनं माझ्याकडं बघितलं. माझं नाव घेतलं नाही. मी बोलेन, अशी वाट बघितली. मी साहेबांच्या टेबलावरच्या काचेकडं बघत राहिलो.

"मीच लावलं, साहेब," तो म्हणाला.

आठवड्याच्या आत त्याला सूत गोदामात पाठवलं. तिथं तो गाठोडी मोजायचा. दिवाळीनंतर त्याला कायम न करता कामावरून कमी केलं.

दोष मला त्याआधीच सापडला होता. सुट्टीच्या वारी मी दोन्ही प्रोग्रॅम एकदम लावून बघितले. लिहिण्याचा आवाज मध्येच थांबला, कंट्रोलरचा दिवा विझला. आठही चिठ्ठ्या टांगलेल्या असताना त्याला रांग रिकामी वाटत होती. माझ्या ड्रायव्हरलाही तेच वाटलं आणि तो न वाचलेल्या चिठ्ठ्यांवर नव्या चिठ्ठ्या अडकवत सुटला. दुरुस्ती एका ओळीची होती. ती केली आणि साहेबांना सांगितलं, "ड्रायव्हर जरा सुधारलाय." ते म्हणाले, "छान." अंबादास तेव्हा अजून गोदामातच होता. त्याला परत आणता आलं असतं.

चारेक वर्षं गेली. मग एक नवा ऑपरेटर आला आणि पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं, "साहेब, दोन्ही एकदम लावू का?" मी त्याला सांगितलं, "लाव. आणि काही बिघडलं तर माझं नाव सांग." तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. त्याच संध्याकाळी मी पूर्व भागात गेलो.

अंबादास घरच्या मागावर टॉवेल विणत होता. मला बघून त्यानं माग थांबवला.

"या साहेब. लई दिवसांनी वाट चुकला. मशीन काय म्हणतंय?"

"बरं आहे."

"मी जवळ न्हाय म्हटल्यावर बरंच असणार की." तो हसला. मग तुटलेला धागा जोडत म्हणाला, "खरं सांगू? त्या दिवशी माजा हात कुटं चुकला, ते मला अजून सापडलं न्हाय. लई इचार केला. नंतर मोठ्या भावानं एका हापिसात लावून दिलं हुतं, तितंबी मशीन हुतं. गेलो न्हाय. म्हटलं, पुन्हा चुकलं तर?"

माझी कल्पना होती की त्याला माझा राग असेल. ती तयारी करून मी गेलो होतो. याची तयारी नव्हती.

मी त्याच्या मागाशेजारी खाली बसलो. आठ खुंट्यांची गोष्ट त्याला सांगितली, मॅन्युअलमधलं वाक्य सांगितलं, दुरुस्ती कधी केली तेही सांगितलं. तो धागा हातात धरून ऐकत राहिला.

"अंबादास," मी म्हणालो, "तुझा हात कुठंच चुकला नव्हता. चूक माझी होती. ती मला माहीत होती आणि मी गप्प बसलो. मला माफ कर."