मुंडण, जनरल वॉर्ड

प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. वॉर्डातल्या एका आयाने मागून हात धरले, दुसरीने मान खाली दाबली. मशीन सुरू झाली. मी विचारलं, कशासाठी? मान दाबणारी म्हणाली, "जुएँ हैं सबके. डॉक्टर साहब का ऑर्डर है."

माझ्या डोक्यात ऊ नव्हती. कुणी बघितलंच नव्हतं. केस मांडीवर पडत होते. गेल्या दिवाळीपर्यंत आई ज्यांना तेल लावायची, तेच केस. मग मला उठवलं आणि पुढचीला बसवलं.

गुरुग्रामच्या बाजूचं खासगी मनोरुग्णालय होतं ते. मी एक्केचाळीस वर्षांची, सरकारी छापखान्यात नोकरी, लग्न केलेलं नाही. आई गेली आणि माझी झोप गेली, मग जेवण, मग बोलणं. तीन आठवडे मी भिंतीकडे बघत बसले. माझा मोठा भाऊ, दादा, दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात अधिकारी आहे. त्यानेच आणलं. "थोडे दिवस आराम कर, बिल्कुल बरी होशील," म्हणाला. त्यालाही तेवढंच माहीत होतं. भरतीच्या कागदावर सही मी स्वतः केली, न वाचता. वाचण्याचा पगार घेणाऱ्या बाईने.

माझं काम कॉपीहोल्डरचं. मूळ मसुदा हातात धरून मी मोठ्याने वाचते आणि समोर बसलेला प्रूफरीडर छापील पानावर पेन्सिल फिरवतो. नुसते शब्द वाचून चालत नाही. अल्पविराम, कोष्ठक, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणावं लागतं. दिल्लीतच, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकूनही माझी हिंदी साफ, म्हणून हे काम मला मिळालं. मानसिक आरोग्याचा नवा कायदा आला तेव्हा त्याचा हिंदी मसुदा मीच वाचला होता, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. रुग्णाचं सक्तीने मुंडण करायचं नाही, हे त्यात स्पष्ट होतं. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. त्या दिवशी समोसे मागवले होते, तेवढं आठवतं.

ते कलम मला त्या खुर्चीतून उठल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले. तेच मालक. मला चूक करायची नव्हती. उभी राहिले आणि कलम म्हणून दाखवलं. शब्दन् शब्द. आणि वीस वर्षांच्या सवयीने अल्पविरामासकट, कोष्ठकासकट. डॉक्टर हसले असते तरी चाललं असतं. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. नर्सला म्हणाले, "इररेलेव्हंट स्पीच. लिखो. डोज़ बढ़ा दो."

म्हणजे मी असंबद्ध बोलते, असं माझ्या फाइलीत चढलं. देशाचा कायदा माझ्या तोंडून आला आणि तो माझ्या आजाराचं लक्षण ठरला. मी ओरडले की मी वेडी नाही. मग तेही लिहिलं गेलं.

शेजारच्या खाटेवर पानिपतकडची एक बाई होती. पूर्वी शिवण शिकवायची. तिला आवाज ऐकू यायचे आणि ते ती लपवत नव्हती. मी थकून गप्प झाले तेव्हा ती म्हणाली, "यहाँ सब यही कहती हैं, बहन. मैं तो पागल हूँ. फिर भी बाल तो मेरे थे."

लाज वाटली मला. अख्खा कायदा मी वाचलेला, आणि कळला होता तो हिला.

वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोल्या होत्या. तिथल्या बायका संध्याकाळी हिरवळीवर फिरायच्या, लांब वेण्या पाठीवर टाकून. उवांना जिना चढता येत नसावा.

एकोणिसाव्या दिवशी दादा न्यायला आला. सोबत वहिनीचा स्कार्फ. माझ्या डोक्याकडे न बघता त्याने तो माझ्या हातात दिला. टेबलावर एक छापील कागद होता. या वेळी मी वाचला, दोनदा. केस रुग्णाच्या इच्छेने काढले, असं त्यात होतं. मी म्हटलं सही करणार नाही. डॉक्टर गोड आवाजात म्हणाले की मग डिस्चार्ज अवघड आहे.

"यही लिखकर दीजिए," मी म्हटलं.

दादा कुजबुजला, "अगं, कर ना सही. केस काय, येतील परत." तो रडायच्या बेतात होता आणि मला त्याची दया आली नाही. मी उठून वॉर्डात परत गेले. स्वतःच्या पायांनी. आणखी चार दिवस राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी सहीशिवाय सोडलं. स्वतःहून भरती झालेल्या माणसाने मागितलं की सोडावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना मला लेखी काही द्यायचं नव्हतं, एवढाच प्रश्न होता.

आता केस कानांपर्यंत आलेत. पण ऑफिसच्या रस्त्यावरच्या सलूनमध्ये मशीन लागली की माझी मान आपोआप खाली जाते, भर रस्त्यात. त्या वॉर्डात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मशीन फिरते. ती पानिपतची बाई अजून तिथेच आहे. तिला न्यायला कुणी येत नाही.

मी तक्रार केली आहे. अशा तक्रारींसाठी कायद्याने मंडळ नेमलेलं आहे, पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. दादाने ओळखीचा वकील आणला. वकील म्हणतो, तुम्ही आजारी नव्हताच असं सांगा, नुसतं दुःख होतं, उगाच भरती केलं. म्हणजे त्यांची फाइलच खोटी पडेल. दादाला ते पटलंय. भाचीचं लग्न ठरतंय. "तू आजारी नव्हतीस, एवढंच म्हण. घरातलंही निभावून जाईल," तो म्हणाला.

नाही म्हणणार. मी तसं म्हटलं तर शहाण्या बाईचे केस चुकून कापले, एवढीच त्यांची चूक उरेल. पुढच्या पहिल्या रविवारी शेजारच्या खाटेवर मशीन खुशाल फिरेल.

आणू देत फाइल. वाचू देत मोठ्याने. माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. होय, मी आजारी होते. आणि आजारी बाईच्या डोक्याला हात लावायचा तुम्हाला अधिकार नव्हता.