व्होल्टेज लावले आहे

ऑफिसात त्यांना सगळे ‘सव्वातीन’ म्हणत. शहाणे साडेतीन असतात हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. यांच्यात पाव कमी पडला, एवढाच काय तो खुलासा. शिवाय ज्या मेमरी कार्डांच्या सेवेत त्यांच्या डोक्यावरचे केस गेले, त्यांनाही सुरुवातीला साधारण तेवढेच व्होल्ट लागतात. नाव दोन्हीकडून चपखल बसलं.

सव्वातीन त्या कार्डांचे ड्रायव्हर लिहीत. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा. कार्ड खाचेत सरकवलं की त्याला आधी जास्त व्होल्टेज द्यायचं; ओळखपाळख झाली की कार्ड म्हणतं, आता जरा कमी करा, म्हणजे मला भरभर बोलता येईल. हे मोजूनमापून देण्यासाठी यंत्राच्या आतल्या बोर्डावर रेग्युलेटर नावाची एक चिप असते. ड्रायव्हरने तिला विचारायचं, बाई, तुझ्याकडे काय काय आहे? कार्डाला विचारायचं, तुला काय चालेल? दोघांचं जमलं की बार उडवायचा. पण सव्वातीनांच्या जुन्या ड्रायव्हरला विचारपुशीची सवयच नव्हती. तो सगळ्यांना एकाच मापाने वाढत असे आणि ज्याला सोसेल तो जगे.

ही विचारपूस ड्रायव्हरात घालून तो जगाला अर्पण करायचा, असं सव्वातीनांनी मनावर घेतलं. या धंद्याची एक रीत आहे. अशी सुधारणा कोणी खाजगीत तपासत नाही. ती ईमेलने सगळ्या दुनियेसमोर मांडायची, मग दुनिया तिची भर चौकात सालटी काढते, आणि लेखकाने ‘आभारी आहे’ म्हणून पुढची आवृत्ती पाठवायची. शेवटचा शब्द असतो मुख्य तपासनिसाचा. हा गृहस्थ लांबच्या कुठल्याशा देशात राहायचा. सव्वातीनांच्या बायकोने त्याचं नाव ‘मामंजी’ ठेवलं होतं, कारण समोर काहीही नेऊन ठेवलं तरी तो आधी त्यातलं कमी काय ते सांगे.

या सुधारणेबरोबर आपलं नाव जगभरच्या यंत्रांत कोरलं जाणार, हे सव्वातीनांनी फक्त जवळच्या माणसांना सांगितलं होतं. म्हणजे शेजारी, सासरची मंडळी आणि केस कापणारा. परिणामी दर रविवारी जेवायला येणारा मेहुणा हात धुता धुता निकाल विचारायचा.

“भावोजी, लागलं का नाव?”

“लागेल.”

“नाही, आई विचारत होती. तिनं मैत्रिणींना सांगून टाकलंय.”

अखेर मामंजींचा ईमेल आला. ‘तुमचा ड्रायव्हर घातला की माझ्या बोर्डावर कार्ड सुरूच होत नाही. पण माझा बोर्ड जुना आहे, तो बिघडलेलाही असेल. तुमच्याकडे नक्की चालत असेल तर तसं सांगा, मी घेऊन टाकतो. शनिवारी नव्या सुधारणा घेण्याच्या या फेरीचं दार बंद होतंय.’

म्हणजे एका शब्दाचा प्रश्न होता. आणि सव्वातीनांकडे पुरावा होता. कार्ड घातलं की त्यांच्या पडद्यावर दर वेळी ओळ उमटायची, ‘व्होल्टेज लावले आहे’. ती ओळ ते प्रत्येक आवृत्तीबरोबर पाठवत आले होते. या वेळी मामंजींचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून व्होल्टेज मोजणाऱ्या मीटरचा फोटोही जोडायचं त्यांनी ठरवलं, आणि मीटर मागायला ते बोर्डवाल्याकडे गेले.

बोर्डवाला म्हणजे शेजारच्या टेबलावरचा, बोर्ड आखणारा माणूस. वर्षानुवर्षं दोघं एकमेकांच्या डब्यातलं खात आणि एकमेकांच्या कामाला नावं ठेवत. मीटर हातचा सुटू नये म्हणून तो स्वतःच आला. त्याने कार्डाच्या पिनेला टोक लावलं.

“तुझा पडदा काय म्हणतो?”

“एक पूर्णांक आठ, म्हणजे कमी केलेलं. लावले आहे.”

“मीटर म्हणतो तीन पूर्णांक तीन.”

“मीटर बिघडलाय तुझा.”

“दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय बाबा. आणि मीटरला कुठं नाव कोरून घ्यायचंय?”

सव्वातीनांनी कार्ड काढलं, पुन्हा घातलं. पडद्याने पुन्हा खात्री दिली. मीटर ढिम्म.

“हा बोर्ड माझाच आहे,” बोर्डवाला म्हणाला, “यात कार्डाला रेग्युलेटर टाकलेलाच नाही. तीन पूर्णांक तीनची तार थेट जोडलीय, कार्ड तिच्यावरच चालतंय. तू व्होल्टेज कमी करायला सांगतोस कोणाला?”

सव्वातीन खुर्चीत बसले आणि स्वतःचंच लिखाण परक्याचं असल्यासारखं वाचू लागले. ड्रायव्हर व्होल्टेज मागत होता. चिपच नसल्यामुळे यंत्राकडून ‘जमत नाही’ असं उत्तरही येत होतं. ते ऐकायला मात्र तिथे कोणी नव्हतं, कारण विनाकारण कुरकुर नको म्हणून तेवढी तपासणी सव्वातीनांनी स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. मागणी पुरी होवो न होवो, खालची ओळ इमानेइतबारे छापत होती, ‘लावले आहे’. असा कारकून हाताखाली असता तर त्यांनी त्याला केव्हाच हाकललं असतं.

“मग? पाठव की,” बोर्डवाला मीटरची वायर गुंडाळत म्हणाला. “त्याचा बोर्ड बिघडलाय, तोच म्हणतोय. सासूबाईंनाही तोंड दाखवायला जागा राहील.”

“तू जा बरं.”

“जातो. फोटो राहिला तुझा.”

सव्वातीनांनी ‘होय, चालते’ लिहिलं. मग खोडलं. मग चहा आणला, तो गार होऊ दिला, आणि सगळ्या दुनियेला लिहिलं, ‘तुमच्या बोर्डाला दोष देऊ नका. माझी चाचणी चाचणीच नव्हती. व्होल्टेज कधी लागलेच नाही, आणि लागले का हे मी विचारलेही नाही. ही आवृत्ती मागे घेतो.’ मामंजींचं उत्तर लगेच आलं, ‘बरं झालं. आता समोरून ‘नाही’ आलं तर तुम्हीही नाही म्हणा.’ मामंजींच्या मानाने हा पाठीवरून फिरवलेला हातच म्हणायचा.

रविवारी मेहुणा हात धुवायला निघाला, तर भावोजी बाहेरच्या खोलीत तोच बोर्ड मांडीवर घेऊन बसलेले.

“लागलं का नाव?”

“नाही. मीच परत घेतलं. थांब, हे बघ.” त्यांनी कार्ड खाचेत सरकवलं. पडद्यावर ओळ आली, ‘व्होल्टेज मिळाले नाही. थांबत आहे.’ पुढे काहीच झालं नाही.

मेहुण्याने बराच वेळ वाट पाहिली. “म्हणजे चालत नाही?”

“अजिबात नाही.”

“आणि आधी चालत होतं?”

“छान चालत होतं.”

मेहुण्याने स्वयंपाकघराकडे तोंड केलं. “ताई, यांनी शेवटची रजा कधी घेतली होती गं?”

ताई हात पुसत बाहेर आली. तिने पडदा वाचला, नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू पाहिलं. “अहो, पानं वाढलीत. ते बंद करा आणि चला.”

“बंदच आहे तो,” सव्वातीन अभिमानाने म्हणाले, आणि जेवायला उठले.