किडीसाठी चार शेअर

"मॅडम, हे वरचे चार पोरीसाठी. आन् हे खालचे चार किडीसाठी," वसंतभाऊ म्हणाले आणि वहीचं पान माझ्यापुढे सरकवलं.

यवतमाळला बसस्टँडजवळ माझं शेअरचं ऑफिस आहे. लोकांसाठी शेअर घ्यायचे, विकायचे आणि दिवसभर त्यांची बोलणी खायची, हा माझा धंदा. सोळा वर्षांत बरंच काही ऐकलं होतं. किडीसाठी शेअर पहिल्यांदाच.

वसंतभाऊ कळंबकडचे कापूसवाले. मुलगी परी तिसरीत. ती कॉलेजात जाईल तेव्हा कोणापुढे हात पसरायला नको, म्हणून शेअर घेऊन दहा वर्षं विसरून जायचं, असा त्यांचा बेत. वरचे चार खरोखर चांगले होते. एक रंगाची कंपनी, एक औषधाची, असे. खालचे चार निव्वळ कचरा. आम्ही त्यांना पेनी शेअर म्हणतो. भाव दोन-चार रुपये, आणि कंपनी नेमकं काय करते ते कंपनीलाही माहीत नसतं.

"हे कायले पाहिजेत?" मी विचारलं.

"बीटी कपाशीच्या थैलीसोबत साध्या कपाशीचं बारकं पाकीट भेटते ना? ते कडेनं लावा लागते. कीड आली का पयले कडेवर बसते. मंधातलं वावर वाचते."

"अहो, बाजारात अळ्या नसतात!"

"मंग भाव कोन खाते?"

मी नागपूरला आमच्या ब्रोकर कंपनीच्या साहेबांना फोन लावला. म्हटलं, तुम्हीच समजवा यांना.

"ऑर्डर आहे ना? टाका मग," साहेब म्हणाले. "हा महिना तसाही कोरडा चाललाय."

टाकली.

पुढे भाऊ दर महिन्याला हजर. वरच्या चारांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. "किडीवाले दाखवा." ते पडलेले दिसले की चेहरा खुलायचा. "बसली! कडेवरच बसली!" बाकीचे क्लायंट माझ्याकडे बघायचे, आणि मला कुठं तोंड लपवू असं व्हायचं.

मग बाजार खराच कोसळला. आठवडाभर स्क्रीन लालेलाल. ऑफिसात ही गर्दी! विका मॅडम, जे येईल ते येऊ द्या. एका रिटायर्ड मास्तरांनी नातवासाठी घेतलेलं सगळं फुंकून टाकलं. मी प्रत्येकाला सांगत होते, थांबा, घाबरू नका. आणि पाचव्या दिवशी, बाजार बंद व्हायला दहा मिनिटं असताना, माझ्या मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेले शेअर मीच विकले. घरी सांगितलं नाही. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वसंतभाऊ आले. त्यांचे वरचे चारही चांगलेच खाली आले होते. मी आधी पाणी पुढे केलं.

"किडीवाले दाखवा."

दाखवले. भाव रुपयांवरून पैशांवर आले होते.

"बापा बापा! कड पुरी साफ करून राह्यली न!"

"भाऊ, वरचेही पडलेत. विकायचे का?"

"कायले? कीड कडेवर असतानी मंधातलं कोनी उपटते का?"

चहा प्याले, आणि शांतपणे बस धरून गावाला गेले. मी मात्र तो लाल स्क्रीन बघत बसले.

आज ते वरचे चार पडण्याआधीच्या भावाच्याही खूप वर आहेत. खालच्यांतल्या दोन कंपन्या गायबच झाल्या. आणि मी, बाजारातली जाणकार बाई, मुलाच्या फीसाठी बँकेत चकरा मारतेय.

परवा भाऊंना विचारलंच. "खरं सांगा, स्वतःच्या वावरात लावता का ते पाकीट?"

"कोन लावते, मॅडम? जागा वाया जाते. सारी पाकिटं घरी पडून हायेत."

"मग इथंच काहून लावलं?"

भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होते, एवढं साधं यांना कसं कळत नाही.

"वावर माह्यं हाये. हे परीचं हाये ना."

कोणता शेअर घ्यावा हे मी कोणालाही शिकवू शकते. सगळं पडत असताना डोळे कुठे ठेवायचे, ते मला शिकवता आलं नाही, स्वतःलासुद्धा.

गेल्या आठवड्यात मी माझ्या धाकट्या मुलीसाठी चार चांगले शेअर घेतले, आणि कडेला एक. संध्याकाळी नागपूरहून साहेबांचा फोन.

"मॅडम, तुमच्या स्वतःच्या अकाउंटला हा कचरा कसा काय?"

"किडीसाठी," मी म्हटलं.