कसरीचा रकाना

डॉ. अनसूया विरकर यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांचा ताप मोजताना, आणि त्यांना ताप नव्हता. सांगलीच्या त्यांच्या संशोधन केंद्रात क्षेत्र पर्यवेक्षकाच्या जागेसाठी मी मुलाखतीला गेलो होतो. मी मेढ्याचा, शास्त्राचा पदवीधर, इस्त्रीच्या शर्टात. प्रमाणपत्रांची फाइल पुढे सरकवली, तर बाईंनी ती बाजूला ठेवून माझ्या हातात थर्मामीटर दिले. "माझा ताप घ्या आणि लिहा." मी घेतला आणि आकडा लिहिला. त्यांनी कागद पाहून विचारले, "किती वाजता घेतलात?" भिंतीवर घड्याळ होते, पण मी त्याच्याकडे पाहिलेच नव्हते. अंदाजाने वेळ सांगावी असे क्षणभर मनात आले होते, पण तोंडातून निघाले, "पाहिलं नाही." बाई म्हणाल्या, "वेळ नसलेला ताप म्हणजे नुसत्या गप्पा. सोमवारपासून या."

मला वाटले, मी नापास झालो असताना चुकून नोकरी मिळाली. त्या "पाहिलं नाही"साठीच मिळाली होती, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे असे कळल्यावर त्यांनी मला निरोप पाठवला होता : "विशेषणं घातलीत तर मी वाचणार नाही." म्हणून मी घडलेले तेवढेच लिहितो आहे.

बाई मूळच्या माण तालुक्यातल्या. घर मेंढपाळांचे, आता थोडीफार शेतीही. मेंढरांना वेळेवर लस टोचली नाही तर कळपाचे काय होते, ते त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात नव्हे, वडिलांच्या पाठीमागे फिरताना पाहिले. संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात त्यांनी अनेक वर्षे सरकारी नोकरी केली, निवृत्तीनंतर सांगलीचे केंद्र उभे केले. त्यांचा आवाज अजूनही माळावरचा आहे. फोनवर त्या अशा बोलतात, की पलीकडच्या टेकडीवरच्या माणसालाही ऐकू जावे. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या कुणाचाही फोन कानाला चिकटलेला दिसत नाही.

रुग्णाशी कसे वागावे यावर त्यांनी आम्हांला कधी व्याख्यान दिले नाही. साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार क्षयाच्या उपचाराला त्यांच्याकडे येत. महिनाभरात खोकला थांबला आणि सुभेदारांनी गोळ्याही थांबवल्या. सुनेने सांगून पाहिले, मुलाने सांगून पाहिले. बाई त्यांना रागावल्या नाहीत. एका कागदावर उभ्या-आडव्या रेघा आखून तारखा घातल्या आणि वर लिहिले, 'ड्युटी चार्ट'. सुभेदारांनी कागद पाहिला, ताठ बसले आणि विचारले, "किती म्हैन्याची ड्युटी?" ती त्यांनी एक दिवसही न चुकवता पुरी केली. शेवटच्या दिवशी तो कागद घेऊन आले आणि बाईंना कडक सलाम ठोकून गेले. बाई त्या वेळी चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, उभ्या राहिल्या आणि उलट सलाम केला. तो बरोबर झाला नाही, पण सुभेदारांनी चालवून घेतले.

आता ज्यासाठी हा लेख लिहायचा मी कबूल केला, तिथे येतो. त्यात माझी चूक आहे, आणि ती संपादकांना नको असली तरी बाईंना हवी असेल.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. लहान मुलांना द्यायच्या एका लसीचा अभ्यास आमच्याकडे होता. दोन डोस. प्रत्येक डोसनंतर आठवडाभर मुलाला काही त्रास होतो का, ते घरोघर जाऊन विचारायचे आणि पत्रकावर लिहायचे. माझ्याकडे जत तालुक्यातल्या, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या वस्त्या होत्या. पत्रकावर पहिलाच रकाना होता : 'ताप : होय / नाही'. प्रत्येक आईला आम्ही एकेक थर्मामीटर दिले होते, कसे लावायचे तेही शिकवले होते. मी जायचो, दारात उभा राहून विचारायचो, "ताप आला का?" आतून उत्तर यायचे, "न्हाई." मी 'नाही'वर खूण करून पुढच्या दाराला लागायचो. 'नाही'च्या खुणांनी माझी पत्रके इतकी स्वच्छ दिसत होती, की मला माझ्याच कामाचे कौतुक वाटू लागले.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण उत्साह नडला. नव्या वस्तीवर पहिला डोस देताना मी आयांना सांगू लागलो, "काही काळजी करू नका, या सुईनं ताप येत नाही." बाईंनी मला असे सांगायला सांगितले नव्हते. मी आपल्या पत्रकांच्या भरवशावर बोलत होतो.

एका वस्तीवर दुसऱ्या डोसचा दिवस ठरला. आम्ही शाळेच्या खोलीत टेबल मांडून बसलो आणि कुणीच आले नाही. त्या दिवशी पाण्याचा टँकर होता, म्हणून मी बरोबरच्या सिस्टरला म्हटले, घागरी भरून झाल्या की येतील. घागरी भरल्या, टँकर गेला, बायका डोक्यावर घागरी घेऊन आमच्या दारावरून गेल्या. खोलीत डोकावलेसुद्धा नाही कुणी. लसीचा डबा थंडच्या थंड परत आला. मी बाईंना फोन करून सांगितले, "इथल्या लोकांना पटत नाही, अडाणी आहेत." फोनवर बाई पहिल्यांदाच हळू बोलल्या. "उद्या मी येते. तुमची पत्रकं बरोबर ठेवा."

वस्तीवर मल्लव्वा नावाच्या बाई होत्या. नातू मांडीवर, चार घरांत शब्द चालणाऱ्या. डोस घ्यायचा नाही, हे त्यांनीच ठरवले होते. दुसऱ्या दिवशी विरकरबाई त्यांच्या दारात पोत्यावर जाऊन बसल्या. इतकी वर्षे ऑफिसात ऐकलेली बाईंची भाषा तिथे बदलली, माणची झाली.

"सुई दिल्यावर नातवाला ताप आल्ता का?"

"ताप न्हाई, अक्का. कसर व्हती दोन दिस."

"कसर मंजी कसं? मला इस्कटून सांगा."

"आवं, अंग कढत न्हाई, पर हात लावला की कळतंय. डोळं बारीक करतंय. दूध घेत न्हाई. कमरंवर घेतलं की उतरायलाच मागत न्हाई."

"मग ह्या सायबाला का न्हाई सांगितलं?"

मल्लव्वांनी माझ्याकडे पाहिले. "त्यांनी ताप इचारला. कसर इचारलीच न्हाई."

मी पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून उभा होतो. कसर म्हणजे काय, हे मला माहीत नव्हते असे मुळीच नाही. मेढ्याला आमची आई कपाळावर हात ठेवून हेच म्हणायची, "कसर आहे रे तुझ्या अंगात, आज शाळेत जाऊ नको." पण हातात छापील पत्रक आले आणि आईचा शब्द मी घरी ठेवून आलो. ज्यांना अडाणी म्हटले त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर दिले होते.

"थर्मामीटर लावलं न्हाई?" बाईंनी विचारले. मल्लव्वांनी आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून ते काढून आणले. लुगड्याच्या घडीत ठेवलेले, वरचे प्लास्टिकही फाडलेले नव्हते. "तापाला द्येलंय न्हवं? ताप आलाच न्हाई. उगं मोडंल म्हून ठिवलं."

आणि मग त्यांनी मनातले बोलून टाकले. "सायेब म्हनला, ताप येत न्हाई, कायबी हुत न्हाई. आन् आमचं पोरगं दोन दिस किरकिरतंय. समद्यांच्या पोरांस्नी काय न्हाई आन् आमच्याच पोरांस्नी व्हतंय, मंजी आमची पोरं वंगाळ का तुमची सुई वंगाळ? त्येवढं सांगा."

शेजारच्या बायका गोळा झाल्या होत्या. सगळ्यांना तेवढेच उत्तर हवे होते. बाईंनी 'घाबरू नका' म्हटले नाही.

"सुई वंगाळ न्हाई आन् पोरंबी न्हाईत. आमचं इचारणं वंगाळ. ह्या सुईनं कसर येती. दोन दिस ऱ्हाती, जाती. तिसऱ्या दिशी ऱ्हायली तर मला फोन करायचा, ह्यो माझा नंबर. आता सुई घ्याची का न्हाई त्ये तुमी ठरवा. न्हाई म्हनला तरी मी चा पिऊनच जानार हाय."

मल्लव्वा म्हणाल्या, "इच्यार करतो." चहा मात्र केला.

परतताना गाडीत मी धीर करून एक तोड सुचवली. "बाई, पुन्हा सगळ्यांना विचारून 'नाही'चं 'होय' करून टाकतो. दोन दिवसांत कसर भरून काढतो." तोंडातून तोच शब्द गेला आणि मीच ओशाळलो. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "शेलार, मागच्या महिन्याची कसर आज मोजता येते का?"

आमच्या कामात चूक खोडायची नसते. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि बाजूला कारण, सही, तारीख. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात सगळी पत्रके घेऊन आम्ही बसलो. मी रेघ मारून पत्रक पुढे करायचो, बाई कारण लिहून सही करायच्या. माझी नोकरी गेली, हे मी धरून चाललो होतो. प्रत्येक रेघेपुढे 'पर्यवेक्षकाचा हलगर्जीपणा' असे लिहिले जात असेल, या समजुतीने मी मान वर केली नाही. दुपारी बाई जेवायला उठल्या तेव्हा पाहिले. त्यांच्या बारीक, वाचायला त्रास देणाऱ्या अक्षरात प्रत्येक पानावर तेच वाक्य होते : 'प्रश्न चुकीच्या शब्दात विचारला गेला. पत्रकाचा मसुदा माझा.' खाली त्यांची सही.

त्या जेवायला गेल्या होत्या म्हणून बरे. मी रडलो.

संध्याकाळी वरच्या कार्यालयातून फोन आला. एका गावठी शब्दासाठी अहवाल थांबवायचा का, असे कुणीतरी विचारत होते. बाईंचे उत्तर अख्ख्या केंद्राने ऐकले, कदाचित रस्त्यानेही. "अहवाल उशिरा येईल. का, ते मी देखरेख समितीला पत्रात लिहिलं आहे. ते आधी वाचा." अभ्यास लांबला. त्या वर्षी ज्या परिषदेत त्या निबंध वाचणार होत्या, तिथे दुसऱ्याच कुणी वाचला. बाईंनी त्याबद्दल पुढे कधी चकार शब्द काढला नाही, मीही विचारायचे धाडस केले नाही.

नवीन पत्रक छापून आले. 'ताप'च्या शेजारी आणखी एक रकाना होता, 'कसर', आणि खाली मल्लव्वांच्याच शब्दांत तिची लक्षणे. मला मात्र बाईंनी एकच शिक्षा केली. "ताप येत नाही, असं तुम्ही जिथं जिथं सांगितलंत, तिथं तुम्हीच जाऊन चूक सांगायची." मी प्रत्येक दारात जाऊन सांगितले. सोपे नव्हते. एक आजी म्हणाल्या, "चुकलो म्हनून सांगाय आल्याला पयलाच सायेब बगितला." त्यांनी गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले.

त्या वस्तीवर पुन्हा टेबल मांडले तेव्हा मी दाराकडे पाठ करून बसलो होतो. पुन्हा रिकामी वाट बघायची हिंमत नव्हती. सिस्टरने कोपराने ढोसले. दारात मल्लव्वा उभ्या होत्या. कमरेवर नातू, हातात थर्मामीटर, प्लास्टिक काढलेले. "कसर आली की लावायचं न्हवं? आन् येळबी ल्हायाची म्हनं." त्यांच्या मागे बायकांची रांग होती.

त्या अभ्यासाचे पुढे जे झाले ते शास्त्राच्या मासिकांत आहे. केंद्रात नवीन रुजू होणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी आम्ही दोन पत्रके दाखवतो, रेघ मारलेले आणि कसरीच्या रकान्याचे. रेघेखालची खूण माझी आहे, हे मी स्वतः सांगतो.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा, गेल्या महिन्यात, एक तपशील विचारायला बाईंना फोन केला. आवाज जड वाटला. फोन कानाला लावून बोलता येत होते, हेच वाईट लक्षण. मी विचारले, "बाई, ताप आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी लेखाकडे वळलो. दोन ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवून पुन्हा फोन लावला. "बाई, कसर आहे का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "आहे. कालपासून. वेळ लिहून घ्या, सकाळचे सव्वाअकरा."

मी वेळ लिहिली, आणि तासाभरात त्यांच्या दारात पोहोचलो. आता त्या बऱ्या आहेत, आवाज पूर्वपदावर आहे, फोन पुन्हा कानापासून लांब धरावा लागतो. मला त्यांची काळजी वाटते. हे विशेषण नाही, तेव्हा त्या वाचतील अशी आशा आहे. त्यांना शंभर वर्षांचे धडधाकट आयुष्य लाभो, त्यांच्या अंगात कसरही न येवो. आणि आलीच कधी, तर ती नेमक्या शब्दात विचारायचे आम्हां कुणाला तरी वेळेवर सुचो.