मधली पिन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही – आणि ज्याला सांगायला हवं त्या दादाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? काल जे झालं, त्यानंतर गप्प बसवत नाहीये, म्हणून असेल.

आम्ही उत्तरेतले मराठी, शिंदे की छावणी या वस्तीतले. पणजोबा फौजेत, आजोबा फौजेत, बाबा पहारेकरी. घरातली पहिली पदवीधर मी – इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. हे मी मोठ्यानंच सांगते. माझी पदवी देवघरात खंडोबाच्या फोटोशेजारी लावलेली आहे. तेव्हापासून घरातली वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्यापुढे यायची, मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत, आणि मी बोलेन तो शेवटचा शब्द. मला आवडायचं ते. का नाही आवडणार?

दादा, माझा मोठा भाऊ, लग्नांचं शूटिंग करायचा. ड्रोनवर त्याचा असा हात बसलेला, की घोडीच्या दोन कानांमधून नवरदेव दाखवायचा. फक्त रेंज कमी पडायची. मीच म्हटलं – रिमोटचे अँटेना बदलू, लांब पल्ल्याचे लावू.

मी ते मागवले, मीच बसवले. आटे छान फिरले, घट्ट बसले. गल्लीत उडवून पाहिलं, चाललं.

"छोटी, एक बार दूर तक देख लें? मोकळ्या मैदानात?" दादानं विचारलं.

"इंजिनिअर तू आहेस की मी?"

तो हसला. "तू, बाई, तूच."

दुसऱ्याच दिवशी बिर्लानगरात वरात होती. दादानं ड्रोन बंद मिलच्या धुराड्यापलीकडे नेला आणि पडद्यावरचं चित्र गोठलं. सिग्नल तुटला की ड्रोन आपला आपण परत फिरतो, सरळ रेषेत. त्या रेषेत धुराडं होतं. तुकडे वरातीत पडले. नवरदेवाच्या मामांचं कपाळ फुटलं. बँड थांबला, आणि सगळ्या माना आमच्याकडे वळल्या.

आणि मी – सगळ्यांसमोर – म्हणाले, "दादा, हात थरथरला ना तुझा? घाबरलास ना?"

मला खरंच तसं वाटलं होतं का? नाही. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. माझ्याकडे बोट यायच्या आधी मी बोट दाखवलं, इतकंच.

पण थांबा – सांगायचं ते हेही नाही. हे तर गडबडीत झालं असं म्हणता येईल.

दादा मामांना टाके घालायला घेऊन गेला. मी रिमोट घेऊन घरी आले, अँटेना काढले आणि पहिल्यांदा आत डोकावले. जोडाच्या मधोमध एक बारीक पिन लागते, सिग्नल तिच्यातूनच जातो. या जोडांचे दोन प्रकार येतात. बाहेरून सारखे, आटेही एकमेकांत बसतात – पण जोडी चुकली की मधे नुसती पोकळी. जवळ कसंबसं चालतं, लांब गेलं की तुटतं. आमच्या जोडात पिन नव्हती. एकदा बघितलं असतं तर दिसलं असतं.

मी जुने अँटेना परत लावले. नवे नालीत टाकले.

दादा आला. शर्टावर मामांचं रक्त. "छोटी, अँटेनात तर काही नव्हतं ना?"

"नाही."

"मग मीच," तो म्हणाला.

पोरीला एवढं शिकवून काय मिळालं, असं म्हणणारे काका होते आमच्याकडे. त्यांची भीती होती का? असेल. पण ते त्या खोलीत नव्हते. खोलीत दादा होता आणि मी.

त्यानंतर त्यानं ड्रोन उडवला नाही. नई सडकवर एका दुकानात कपांवर फोटो छापतो. किस्सा तोच रंगवून सांगतो – "घर में इंजिनिअर बैठी थी, फिर भी मैंने गिरा दिया!" लोक हसतात. मीही हसते. किती वर्षं हसतेय?

काल चुलतबहिणीच्या साखरपुड्याला कुणीतरी नवा ड्रोन आणला आणि रिमोट दादाच्या हातात दिला. त्याचे अंगठे आपोआप जागेवर गेले – मी पाहिलं. क्षणभरच. मग त्यानं तो माझ्यापुढे केला. "तू उडव, छोटी. माझ्या हाताचा भरवसा नाही."

मी रिमोट घेतला. आधी अँटेना बघितले. मग उडवला.

सगळ्यात पहिली टाळी दादानं वाजवली.