दोन छापील आधार

वर्तमानपत्राच्या दुसऱ्या पानावर, हवामानाच्या खाली, सहा ओळींची एक चौकट असे : दिनविशेष. कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं, कुठला कायदा कधी झाला. लोक ती चहाच्या घोटाबरोबर वाचत आणि दुसऱ्या घोटाला विसरत. ती भरणाऱ्या माणसाने मात्र तिच्यापायी एकतीस वर्षं घातली होती. कचेरीत त्यांना तारीखमास्तर म्हणत. हे टोपणनाव त्यांना मनातून आवडायचं.

त्यांच्या खुर्चीमागे बारा खणांचं कपाट होतं. महिन्याला एक खण, नोंदीला एक जाड कार्ड. तीन जानेवारीला सावित्रीबाई, एक ऑगस्टला टिळक, हे मास्तरांनी झोपेतही सांगितलं असतं. पण नवी नोंद करायची तर त्यांचा नियम एकच : दोन छापील आधार हवेत. आधार नसला तर साक्षात संपादक आले तरी कार्डाला शाई लागत नसे. नियमाचा त्यांना फार अभिमान होता, आणि अभिमान चढलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही.

बेचाळीसच्या लढ्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा वर्तमानपत्राने सोळा पानी पुरवणी काढली. त्या पुरवणीत भूमिगतांचं नुसतं पीक आलं. मालकांच्या सासऱ्यांनी म्हणे रेल्वेचे रूळ उखडले होते. ही माहिती खुद्द जावयाने दिली होती. मास्तरांनी नाक मुरडलं, पण पुरवणी त्यांच्या अखत्यारीत नव्हती. आपली चौकट तेवढी त्यांनी सोवळी ठेवली.

ती पुरवणी अक्काने शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं, टेलिफोन खात्यात तीस वर्षं कानाला यंत्र लावून त्यांचं शिक्षण केलं. दोघंही बिनलग्नाची, दोन खोल्यांत राहायची. बेचाळीस साली अक्का पंधरा वर्षांची होती, मास्तर पाच. त्या सालाबद्दल घरात कधी चकार शब्द निघाला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा निघाला.

"अरे, सत्तावीस ऑगस्टला तुझ्या चौकटीत एक ओळ घाल," अक्का म्हणाली. "माझ्या वर्गात एक शिंप्याची मुलगी होती. पत्रकं वाटायला आम्ही दोघी जायचो. त्या दिवशी मोर्चावर गोळी चालली आणि ती माझ्या शेजारी पडली. माझा हात तिच्या हातात होता."

"कुठं छापून आलंय का हे?"

"कोण छापणार? रातोरात सगळं दडपलं. आठवड्यात तिचा बाप दुकान बंद करून गाव सोडून गेला. तुझा शाळेचा पहिला सदरा त्यानंच शिवला होता. लिहून घे, तिचं नाव..."

मास्तरांनी हात वर केला. "नाव राहू दे अक्का. आधी आधार सांग. दोन लागतात."

"मी पाहिलंय ना. मी आधार नाही?"

"छापील लागतो गं. उद्या मालकांचे सासरे माझ्या चौकटीत आले तर मी काय तोंडाने नाही म्हणू?"

मुद्दा बिनतोड होता.

त्याच आठवड्यात मास्तरांना एक पत्र आलं. एका जुन्या व्याकरणकाराच्या नातवाने लिहिलं होतं, की आजोबा अकरा जूनला गेले, तुम्ही दर वर्षी अकरा जुलै छापता. मास्तरांनी कार्ड काढलं. अक्षर त्यांचंच, पंचवीस वर्षांपूर्वीचं. जूनचं कार्ड शेजारच्या जुलैच्या खणात गेलं होतं, एवढंच. त्यांनी पुस्तकं धुंडाळली, तर दोन चरित्रकोश, एक शालेय मार्गदर्शक आणि तीन रोजनिश्या, सगळीकडे अकरा जुलै. सगळ्यांनी चौकटीवरूनच उतरवलं होतं. आता जुलैला सहा छापील आधार होते आणि जूनला एकही उरला नव्हता. मास्तरांनी नातवाला नम्र पत्र लिहून नकार कळवला.

संध्याकाळी त्यांनी ही गंमत म्हणून अक्काला सांगितली. अक्का हसली नाही. तिने कप खाली ठेवला.

"म्हणजे तुझी चूक खरी, आणि मी डोळ्यांनी पाहिलेलं खोटं," ती म्हणाली.

"खोटं कुठं म्हटलं मी?"

"नाही म्हटलंस. बरं, चहा गार होतोय."

पुढे ती या विषयावर बोलली नाही. सत्तावीस ऑगस्टला तिने वर्तमानपत्र उघडलं, दुसरं पान पाहिलं आणि घडी घालून ठेवून दिलं. पुढच्या मार्चमध्ये न्यूमोनियाचं निमित्त होऊन चार दिवसांत गेली.

घर मास्तरांना खायला उठलं. अक्काने आपल्याकडून जन्मात एकच गोष्ट मागितली आणि ती आपण दिली नाही, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. ऑगस्ट आला तेव्हा त्यांनी ठरवलं, गेला नियम खड्ड्यात. पंचवीस तारखेला दुपारी त्यांनी कोरं कार्ड घेतलं, पेनात शाई भरली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : '१९४२. पत्रकं वाटणाऱ्या मोर्चावर गोळीबार. पंधरा वर्षांची विद्यार्थिनी'. आणि पेन थांबलं.

त्यांना नाव माहीत नव्हतं.

त्यांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. शिंप्याची मुलगी. सदरा. हातात हात. अक्का नाव सांगतच होती, आणि आपण हात वर केला होता, तेही आठवलं. घरी जाऊन त्यांनी अक्काची ट्रंक उपसली. पोस्टाचं पुस्तक, चष्मे, टेलिफोन खात्याचा बिल्ला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते शाळेत गेले. जुनी हजेरीपत्रकं वाळवीने खाल्ली होती. अक्काच्या वर्गातली एक म्हातारी सापडली. ती म्हणाली, "हो, होती खरी एक. काय बरं नाव तिचं?" आणि मास्तरांच्याच तोंडाकडे पाहत राहिली.

सव्वीस तारखेच्या संध्याकाळी जुळणी खात्यातून निरोप आला. "मास्तर, उद्याच्या चौकटीत पाचच ओळी आहेत. सहावी?"

मास्तरांनी ते कार्ड खणात मागे सरकवलं आणि दुसरं काढून दिलं. कुठल्याशा परदेशी घड्याळ कंपनीची स्थापना. तिला दोन छापील आधार होते.