मी गोमीला मंद ठरवलं

गोमीवर मी अन्याय केला. छप्पन साली, गणपतीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, सकाळच्या शाळेत. अलिबागजवळच्या खारेपाटातल्या चौथीपर्यंतच्या शाळेत ती शिकत होती आणि मी तिचा मास्तर होतो. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही — पक्षातल्या सोबत्यांना नाही, आईला नाही. पत्रकांतून मी आजवर दुसऱ्यांची पापं छापली. हे माझं आहे.

ट्रेनिंग कॉलेजातून मी नुकताच आलो होतो. तिथं मानसशास्त्र शिकवलं होतं — प्रत्येक मुलाची बुद्धी निराळी, स्वभाव निराळा, आणि दोन्ही मोजता येतात. तीव्र, मध्यम, मंद. अंतर्मुख, बहिर्मुख. मला ते फार पटलं. का पटू नये? जात बघून पोराची लायकी ठरवणाऱ्यांच्या तोंडावर फेकायला शास्त्र मिळालं होतं! चाचणीला जात कळत नाही, असं मी गावभर सांगत सुटलो.

गोमी मिठागरावर राबणाऱ्या घरातली. वर्गात सगळ्यांत जास्त वटवट तिची. फळ्यावर माझी बेरीज चुकली की पहिला हात तिचा — हात कसला, थेट ओरडायचीच. अलिबागला मावशीकडे राहून पाचवीत जायचं, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. बाप एवढंच म्हणाला होता, "गुरुजी सांगतील तसं."

म्हणजे सगळं माझ्यावर होतं.

चाचणी मी गावासमोर घेतली. शास्त्राचा प्रताप दिसावा म्हणून पंचांना बोलावून पुढं बसवलं. त्यांत एक म्हातारा होता — त्याच्या नातवाशी गोमीचं लग्न बोलून ठेवलेलं. ठरलेल्या सासरचं वडीलधारं माणूस समोर असलं की आमच्याकडे मुलगी तोंड उघडत नाही. हे मला माहीत नव्हतं? मी काय विलायतेत वाढलो होतो?

मी सांगतो ते आकडे उलट्या क्रमानं म्हणून दाखव, म्हटलं. गप्प. या चित्रात काय काढायचं राहिलंय? गप्प. मान खाली, पायाचा अंगठा जमिनीवर फिरतोय. म्हातारा पसंतीनं मान डोलावत होता. आणि मी शून्य लिहीत होतो.

गाव पांगलं. ती माझ्या मागं मागं आली. "गुरुजी, त्यांच्यासमोर कशी बोलू मी? आता इचारा ना." आणि मी विचारायच्या आत तिनं ते आकडे उलटे म्हणून दाखवले. धडाधड, एकही न चुकता.

मी म्हणालो, "आता वेळ संपली."

इथं थांबावंसं वाटतं. घाईत चूक झाली म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं — पण तसं नव्हतं. माझ्या डोक्यात पक्षाचं पत्रक तयार होतं. खोतांनी पिळलेल्या घरांतली मुलं अर्धपोटी राहून मंद होतात. सरकारनं दुसरा मास्तर द्यावा, दुपारचं जेवण द्यावं. मागणी रास्त होती. आजही आहे. पण त्या मागणीला एक मंद मूल हवं होतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं. चाचणीत मिळालं. मग ते हातचं कसं सोडू?

पत्रकात मी तिचं नाव घातलं. "मंदबुद्धी, अंतर्मुख." गोमी — अंतर्मुख! बाजारात कुणीतरी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. शाळेला दुसरा मास्तर मिळाला, मला हार घातले गेले. म्हाताऱ्यानं लग्न मोडलं. बापानं तिला शाळेतून काढलं आणि मिठागरावर नेलं. तो माझ्याकडे आला होता, पण भांडायला नव्हे. हात जोडून म्हणाला, "बरं झालं गुरुजी, शास्त्रानं आधीच सांगितलं. नायतर पोरीला उगीच तरास." मी त्याला चहा पाजला.

पुढं बदली मागून अलिबागला आलो. खोलीत एकटाच असतो. सभा संपली की सोबती आपापल्या घरी जातात, मी स्टोव्ह पेटवतो. त्या दिवशी कुणी त्या पत्रकाचं कौतुक केलेलं असलं तर ताट तसंच सरकवून ठेवतो. सांगणार कुणाला? जवळचे म्हणावेत असे सगळे तेच पत्रक वाचून माझ्याजवळ आलेले.

गेल्या उन्हाळ्यात रेवसच्या धक्क्यावर ती दिसली. बायकांबरोबर लाँचची वाट बघत होती. मी तोंड फिरवायच्या आत तिनंच हाक मारली आणि बरोबरच्यांना सांगितलं, "हे आमचे गुरुजी. ह्यांनी माझी अक्कल मोजली हुती — भरलीच नाय!" बायका खदखदून हसल्या. ती सगळ्यांत मोठ्यानं. आणि मी? मीही हसलो. हो, हसलो. लाँच लागली, त्या चढून गेल्या.

ती मंद नव्हती. मला ते त्याच सकाळी माहीत होतं.

आता तुम्ही. कुणीतरी तुमच्यासमोर एखादं मूल उभं करील आणि त्याला मंद म्हणेल. शास्त्र काढील, आकडे काढील, माझ्यासारखाच चांगल्या कामासाठी काढील. त्याला तिथंच अडवा. विचारा — हे मूल गप्प राहिलं तेव्हा खोलीत कोण कोण बसलं होतं? उत्तर मिळेपर्यंत त्याला उठू देऊ नका.